बी विंगचे राउटर आणि गच्चीची किल्ली

बी-४०२: कालच्या वळवात आमच्या विंगमधले चार राउटर गेले. मेंटेनन्स मात्र १ तारखेला लागतो.

ए-१०१: ढग आले की प्लग काढून ठेवा. मागेच सांगितलं होतं.

सेक्रेटरी: नमस्कार. राउटर ज्याचा त्याचा. सोसायटीचा संबंध नाही 🙏

बी-५०३: संबंध आहे. चारही अ‍ॅडाप्टर चालू आहेत, वायफायचं नाव दिसतंय, फक्त वॅनचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर लागते ते भोक, मेलाय. म्हणजे झटका लाइटमधून नाही, गच्चीवरच्या इंटरनेटच्या स्विचमधून उतरणाऱ्या लॅनच्या वायरीतून आला.

सी-२०१: ए विंगला फायबर आहे, म्हणून ते वाचले.

बी-५०३: हो, काचेतून करंट येत नाही. पण बाहेरच्या फायबरला आधाराची स्टीलची तार असेल, तर ती भिंतीबाहेरच तोडायची. घरात आणायची नाही.

बी-४०२: मग माझा स्पाइक गार्ड काय कामाचा?

बी-५०३: वहिनी, तो लाइटच्या वाटेवर बसलाय, चोर गॅलरीतून आला. शिवाय आतला एमओव्ही, म्हणजे झटका झेलणारा पार्ट, दर झटक्याला झिजतो, शेवटी नुसता एक्स्टेंशन बोर्ड उरतो. अर्थिंग नसेल तर निम्मं काम तसंही होत नाही. मल्टिमीटरने बघा: फेज-न्यूट्रल २३० आणि फेज-अर्थ १२० वगैरे दाखवलं तर अर्थ नावालाच आहे.

ए-१०१: प्लग काढून ठेवा.

सी-२०१: काका, लॅनची वायर तशीच ठेवून प्लग काढला तर काय उपयोग? दोन्ही काढा, तेही कडकडाट सुरू व्हायच्या आधी.

बी-५०३: खरी गंमत गच्चीवर आहे. केबलवाल्याने लॅनची वायर अरेस्टरच्या, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या, लोखंडी जीआय पट्टीलाच टायने बांधलीय, पार दुसऱ्या मजल्यापर्यंत. पट्टीतून वीज उतरली की शेजारच्या वायरीत झटका येणारच.

बी-३०२: पार्किंगमध्ये गळतंय त्याचं काय झालं?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

सी-२०१: मग मीटर रूममधला एसपीडी बघा, लाइटमधून येणारा झटका अर्थमध्ये वळवणारा डबा. खिडकी लाल झालीय.

सेक्रेटरी: लाल म्हणजे चालू ना?

सी-२०१: 😂 हिरवी म्हणजे चालू. लाल म्हणजे कार्ट्रिज मेलं. टाइप २, ४० केए (किलोअँपिअर), त्याच मॉडेलचं घ्या. जोडणीची वायर सगळी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी, आत्ता वेटोळी करून ठेवलीय. झटक्यात त्या वायरीच्या दर एक मीटर लांबीवरच हजारभर व्होल्ट पडतात.

बी-४०२: आणि न्यूट्रल सुटला तर? बाजूच्या सोसायटीत टीव्ही जळले.

सी-२०१: ४०० व्होल्टपर्यंत जातं, त्यात एसपीडी स्वतःच जळतो. त्याला २७० ला तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा लागतो.

बी-५०३: आमच्या विंगला फायबर येईपर्यंत उपाय: दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचं फायबर आणि फायबरचं परत लॅन करणारे डबे), मध्ये २ मीटर फायबर पॅचकॉर्ड, मग राउटर. गेला तर पहिला डबा जाईल.

ए-१०१: प्लग काढून ठेवा.

सेक्रेटरी: रविवारी १० वाजता केबलवाल्याला घेऊन गच्चीवर. किल्ली कोणाकडे आहे?

बी-३०२: माझ्याकडे. पापड वाळत घातलेत, सोमवारी देते.