बग (प्रोग्रॅममधली चूक) माहीत असूनही गप्प बसायचं?

‘प्रोग्रॅमरने सांगितलेलं काम करावं, नैतिकता साहेब लोक बघतील’ हे मत मला अजिबात पटत नाही. ब्रिटिश पोस्टाचं होरायझन प्रकरण बघा.

होरायझन ही फुजित्सू या जपानी कंपनीची हिशेबाची संगणक प्रणाली १९९९ पासून तिथल्या पोस्टांत बसवली गेली. हिशेब जुळवताना तिच्यातल्या बगमुळे पडद्यावर तूट दिसायची, प्रत्यक्षात पैसे कुठेच गेलेले नसायचे. करारावर बोट ठेवून पोस्ट म्हणायचं, ती तूट पोस्टमास्तरने पदरची भरायची, नाहीतर चोरीचा किंवा खोट्या हिशेबाचा खटला. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. तुरुंगात गेलेल्यांत भारतीय वंशाची एक गरोदर बाई होती.

मला सर्वात चीड येते ती याची, की कंपनीच्या इंजिनियरांना शाखेच्या हिशेबात दुरून बदल करता येत होते, आणि पोस्ट मात्र वर्षानुवर्षं ‘हे शक्यच नाही’ म्हणत राहिलं. त्यात तिथला कायदाही, उलट पुरावा येईपर्यंत संगणक बरोबरच आहे असं धरून चालतो. खेड्यातल्या पोस्टमास्तरने तो पुरावा आणायचा कुठून? तो तर इंजिनियरांकडेच होता ना!

तिथल्या हायकोर्टाने बग मान्य केले २०१९ मध्ये. शिक्षा सरसकट रद्द व्हायला २०२४ चा कायदा लागला, तोवर काही जण वारलेसुद्धा.