आरएक्स १००चा प्लग पांढराफटक, मेन जेट कितीचा टाकू? (मदत हवी आहे)

धुरळा_कोल्हापूर
यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक, म्हणजे ऑइल पेट्रोलासोबतच इंजिनात जातं), ९४चं मॉडेल. नुकताच बोर करून (सिलिंडर आतून मोठा करून) नवीन पिस्टन टाकलाय. आंबोलीच्या वाटेवर चढाला गाडीनं एकदा पिस्टन धरला (सिलिंडरमध्ये अडकला), थंड झाल्यावर सुटला. प्लग काढला तर पांढरा. मेकॅनिक म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा स्क्रू) मोठा टाक. कितीचा टाकू तेवढा आकडा सांगा. गणपतीला याच गाडीवर सावंतवाडीला जायचंय, वेळ नाही.

खडखडाट
आकडा असा हवेत सांगता येत नाही भावा. आत्ता जेट कितीचा आहे? कार्बोरेटर मूळ मिकुनी कंपनीचाच का? सायलेन्सर कुठला? एअर फिल्टर आहे का? ऑइल पंप चालू आहे की पेट्रोलमध्ये मिसळतोस? प्लगचा नंबर काय?

धुरळा_कोल्हापूर
सगळं ओरिजिनल आहे हो. प्लग दुकानात मिळाला तो. जेटवर आकडा दिसत नाही.

खडखडाट
आकडा दिसत नाही म्हणजे ओरिजिनल नाही. मिकुनीच्या जेटवर चौकोनात चौकोन असा छाप असतो आणि आकडा असतोच. भिंगाखाली बघ.

धुरळा_कोल्हापूर
नाही दिसला. मागच्या मालकानं कार्बोरेटर बदलला असेल. सायलेन्सर तेवढा मी बदललाय, एक्सपान्शन चेंबर (रेसिंगचा फुगीर सायलेन्सर) बसवलाय. आणि ऑइल पंप काढून टाकलाय. आता आकडा सांगा.

फाटकी_नंबरप्लेट
"सगळं ओरिजिनल आहे." 😂

मॅग्नेटपाटील
आधी मला सांग, प्लग काढला तो कुठे? घाटात पिस्टन धरला त्याच जागी, की घरी आल्यावर?

धुरळा_कोल्हापूर
घरी. आजऱ्यापासून हळूहळू आणली. त्यानं काय फरक पडतो?

मॅग्नेटपाटील
सगळा फरक त्यानंच पडतो. शेवटची काही मिनिटं गाडी ज्या रेसवर चालली, तिथला रंग प्लगवर बसतो. स्लोवर आणि जेमतेम रेसवर पायलट जेट (छोटा जेट) आणि हवेचा स्क्रू काम करतात. त्याच्या जरा वर, रेस दिली की कार्बोरेटरमध्ये वर सरकते त्या स्लाइडचा तिरपा काप. पाव ते पाऊण रेस स्लाइडला लटकणाऱ्या सुईच्या हातात. मेन जेटचं राज्य पाऊणच्या पुढे. तू अर्ध्या रेसच्या आत घरी आलास, म्हणजे तुझा प्लग मेन जेटबद्दल काहीच बोलत नाहीये.

मेन जेट बघायचा तर नवा प्लग लाव, इंजिन चांगलं गरम कर, मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला फुल रेस धर. रेस न सोडता चावी बंद आणि त्याच क्षणी क्लच दाब. गाडी घरंगळत थांबू दे, प्लग तिथेच काढ. आणि टोकाचा रंग बघू नकोस. पांढऱ्या चिनीमातीच्या मुळाशी, जिथे ती लोखंडात शिरते तिथे, आत टॉर्च मारून बघ. तिथे बदामी कडं दिसलं तर बरोबर. काळं जाड असेल तर पेट्रोल जास्त, काहीच नसेल तर कमी. पण पिस्टन धरलेल्या गाडीवर हा प्रयोग आत्ताच करायचा नाही. आधी मेन जेट मुद्दाम मोठा टाकून, मग एकेक खाली यायचं.

जुनी_यझदी
आमच्या वेळी असले प्रयोग नव्हते. प्लग विटकरी आला की गाडी सेट, संपला विषय. चाळीस वर्षं यझदी चालवली.

खडखडाट
काका, तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. २००० सालच्या फेब्रुवारीपासून ते देशभर बंद झालं. हल्लीच्या पेट्रोलवर रंग तसा चढतच नाही. बऱ्यापैकी सेट असलेली गाडीसुद्धा वरून फिकी दिसते.

ऊसतोड
मूळ कारण कुणी बोलत नाही. इथेनॉल!! शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२०ला (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) साडेतेराच्या आसपास. जेट तोच ठेवला तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होणारच. जुन्या सगळ्या गाड्यांची वाट लावली.

मॅग्नेटपाटील
आकडे बरोबर. पण तो फरक आठ-नऊ टक्क्यांचा, जेट एक-दोन नंबर चढवला की भरून निघतो. चेंबर लावून मेन जेट तोच ठेवला, त्याचं वजन जास्त आहे.

ऊसतोड
म्हणजे इथेनॉल चांगलं का? रबर कोण खातं मग?

खडखडाट
त्यासाठी वेगळा धागा काढा. धुरळा, ऑइल किती टाकतोस?

धुरळा_कोल्हापूर
लिटरला ५० मिली. नवीन पिस्टन आहे म्हणून जास्त, सेफ राहतं.

खडखडाट
जेटमधून जाणारं द्रावण तेवढंच. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ.

जुनी_यझदी
ऑइल जास्त असलं तर पिस्टन धरत नाही, कमी असलं की धरतो. एवढं साधं आहे.

खडखडाट
वंगण म्हणून बरोबर काका, पण मग जेट त्या ऑइलवर सेट करायला हवा. रोज माप बदलून प्लग वाचण्यात अर्थ नाही. चांगलं २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लिटरला २० मिली पुरतं, नवीन पिस्टन बसेपर्यंत ३० कर आणि मग हलवू नकोस.

म्हापशेकार
आमची चेतक अजून लिटरला ४५ देते. तुमची आरएक्स किती देते रे?

फाटकी_नंबरप्लेट
मायलेज विचारणारा सापडला.

आटे_गेले
प्लगचा नंबर अजून कळलेला नाही. एनजीके कंपनीच्या प्लगचा आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशचा आकडा वाढला की गरम, उलटा हिशोब. दुकानदार "त्याच नंबरचा" म्हणून भलताच देतात. आणि एच म्हणजे आखूड आटे, १२.७ मिमी. ई म्हणजे १९. या गाडीला ईवाला लावलास तर पिस्टनलाच भेटेल.

धुरळा_कोल्हापूर
एनजीके, शेवटी एचएस आहे. बरं, अजून एक. गाडी गरम झाली की रेस सोडल्यावर लगेच खाली येत नाही, वरच लटकते. स्लो स्क्रू पूर्ण काढला तरी. याचा संबंध आहे का?

मॅग्नेटपाटील
अरे बाबा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! जेट बाजूला ठेव. इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. एक तर कार्बोरेटर आणि ब्लॉकमधलं रबर तडकलंय किंवा मॅग्नेटकडचा (वीज बनवणाऱ्या चाकाच्या बाजूचा) क्रँकचा रबरी सील गेलाय. क्लचकडचा गेला तर गिअरचं ऑइल ओढलं जातं, धूर होतो, प्लग ओला येतो. मॅग्नेटकडचा गेला तर नुसती हवा, आणि प्लग पांढरा. जेट मोठा करून वरून रंग आणशील, पण स्लोवर आणि उताराला ती हवा तशीच राहील.

तपास असा. इंजिन थंड असताना सायलेन्सरचं तोंड आणि इनटेक (कार्बोरेटरकडचं तोंड) रबरी बुचानं बंद कर, प्लगच्या भोकातून हवा भर. बीपी मोजायच्या मशीनचा फुगा आणि काटा यावर छान चालतो, २५० पर्यंत चढव. काटा पाच-सहा मिनिटं जागेवर राहिला तर ठीक. पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोध.

जुनी_यझदी
बीपीचं मशीन गाडीला! मग गाडीचं बीपी वाढलं म्हणायचं. पण पिस्टन काढून डाग बघितलेत का? डाग नुसते सायलेन्सरच्या बाजूला असतील तर उष्णता. चार कोपऱ्यांवर असतील तर बोर टाइट घेतलाय, त्याला जेट काय करणार?

मॅग्नेटपाटील
हे काकांचं एकदम बरोबर. तेही बघच.

म्हापशेकार
आंबोलीत उतरताना रेस पूर्ण बंद करून गिअरवर सोडू नका हां. ऑइल पेट्रोलातूनच जातं, रेस बंद म्हणजे दोन्ही बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. मधूनमधून रेस द्यायची.

धुरळा_कोल्हापूर
वडिलांचं मशीन घेतलं, ओरडा खाल्ला. काटा पडतोय. रबराला बुडबुडे नाहीत. मॅग्नेटचं कव्हर काढलं तर मागे सगळं काळं, ओलं. सील बदलायला इंजिन फाडावं लागेल का? आणि मॅग्नेट निघत नाहीये, हातोडी मारू का?

आटे_गेले
हातोडी नको!! क्रँक वाकेल. यामाहाचा मॅग्नेट पुलर मिळतो, आट्यांवर बसतो. मेकॅनिककडून मागून आण. मॅग्नेटकडचा सील बाहेरून निघतो, इंजिन फाडायची गरज नाही. नवीन सीलच्या ओठाला आधी ऑइल लाव, कोरडा बसवू नकोस.

ऊसतोड
सील कशानं खराब झाला तेही लिहा. मी सांगू?