मदत हवी आहे: कांद्याचा झुणका चिकट होतोय

इकडे निफाडला थंडीने नुसता कहर केलाय, सकाळी हात पाण्यात घालवत नाही, त्यामुळे रात्री गरम बाजरीची भाकरी आणि कांद्याचा कोरडा झुणका एवढंच खावंसं वाटतं. पण आईच्या हातचा कसा मोकळा, दाणेदार व्हायचा, माझा मात्र दर वेळी लगदाच होतो, नाहीतर पीठ कच्चं लागतं.

मी असं करते: 4 मोठे कांदे उभे चिरून, तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कांदा मऊ झाला की हळद, तिखट, मीठ आणि मग साधारण वाटीभर बेसन वरून पेरून झाकण.

आता शंका अशी की सध्या बाजारात नवा लाल कांदा आलाय, त्याला पाणी फार सुटतं, उन्हाळ कांद्याचं एवढं नसतं, तर त्यामुळेच होत असेल का? बेसन आधी कोरडंच भाजून घेऊ का? मीठ शेवटी घालायचं का? आणि झाकण ठेवायचं की नाही, यावरून तर घरातच दोन पार्ट्या पडल्यात 😄 लोखंडी कढई आहे, नॉनस्टिक सुचवू नका प्लीज, तळाला धरणारी खरपुडी हवीच, तिच्यासाठीच तर भांडणं होतात.