जखमी रानटी कोंबड्याची घरी शुश्रूषा कशी करावी?

प्रश्न : कुंपणापाशी सापडलेल्या एका बेवारस कोंबड्याच्या पाठीवर दाताची खोल जखम आहे, कालपासून त्याला खोक्यात ठेवले आहे, परंतु तो दाणे टिपत नाही आणि हात जवळ नेताच डोळे मिटून अंग चोरतो. काय करावे?

उत्तर १ : मांजराने किंवा कुत्र्याने चावले असल्यास वरून लहान दिसणारी जखमही आत चिघळते, म्हणून प्रतिजैविकासाठी पशुवैद्य आजच गाठावा. तोवर उकळून कोमट केलेल्या 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवून त्याने जखम धुवावी आणि पिसांखाली माशीची अंडी नाहीत ना, हे पाहावे.

उत्तर २ : अंग चोरणे हे भीतीचे लक्षण आहे, रानटी पक्ष्याला गोंजारणे म्हणजे त्याच्या दृष्टीने शिकारच. खोके अंधारे व उबदार ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. चोचीच्या कडेला थेंब लावल्यास तो स्वतःच गिळतो.

प्रश्नकर्ता : थेंब गिळले, आणि संध्याकाळी उकडलेल्या अंड्याचा चुरा दोनदा टिपला. उद्या सकाळी पशुवैद्यांकडे नेत आहे.

उत्तर १ : निघण्यापूर्वी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी; ती सकाळीही भरलेली लागली, तर तसे अवश्य सांगावे.