विषय: अंबाजोगाईची दौड, दाबाचे कपडे आणि मंडळाची देणगी

परदेशातील आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या जानेवारीत आम्ही काही पालक अंबाजोगाईला ५ किलोमीटरची दौड ठेवत आहोत; तिला मंडळाने देणगी द्यावी, ही विनंती. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी एक भाजलेले मूल आहे. माझी मुलगी दोन वर्षांची असताना आंघोळीच्या कढत पाण्याचे तपेले तिच्या अंगावर कलंडले, तेही राहत्या घरात. मग ऊसतोडीच्या फडावर, जिथे कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, चूल जमिनीलगत असते आणि रांगते मूल तिच्यापासून हातभरावर, तिथले काय सांगावे!

खर्च शस्त्रक्रियेचा असतो, असा बहुतेकांचा समज असतो. आमच्या मुलांच्या शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाल्या. कस लागला तो त्यानंतर. जखम भरल्यावर व्रण आखडत जातो, मूल वाढते पण व्रणाची कातडी त्या बेताने वाढत नाही, आणि मान, कोपर, बोटे ओढली जातात. हे टाळण्यासाठी मापाने शिवलेले घट्ट दाबाचे कपडे दिवसाचे सुमारे २३ तास, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ घालावे लागतात, आणि ते सैल पडत असल्याने दर काही महिन्यांनी नवे लागतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, अंगावर असलेली आई फड सोडून फिजिओथेरपीला येते, तेव्हा तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. दौडीचा पैसा या कपड्यांसाठी, एसटीच्या भाड्यासाठी आणि शक्य झाल्यास त्या बुडालेल्या रोजासाठी आहे.

एक पालक, अंबाजोगाई

---

आदरणीय ताई,

आपले पत्र कार्यकारिणीत वाचले. मदत करण्याविषयी दुमत नाही, परंतु मार्ग सरळ नाही. परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० नुसार आमचे मंडळ, तसेच परदेशी नागरिकत्व घेतलेले सभासद, त्यांच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी, ‘परकीय स्रोत’ ठरतात. त्यांची देणगी या कायद्याखाली नोंदलेल्या किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच, दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच, घेता येते; आणि २०२० च्या दुरुस्तीमुळे ती संस्था हा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या रकमेला मात्र हे बंधन नाही. तेव्हा मंडळाच्या नावाचा एकच मोठा धनादेश, जो छायाचित्रात छान दिसतो, तो विसरावा लागेल.

जाता जाता एक सूचना: टी-शर्ट आणि पदकांवर पैसा घालवू नये. तसेच मुले स्वतः धावणार आहेत काय?

आपला,
सचिव

---

सचिव महोदय,

या कायद्याखाली नोंदणी असलेल्या एका न्यासाशी आमचे बोलणे सुरू आहे. कपडे शिवणाऱ्याची बिले तो न्यास स्वतःच भागवेल, म्हणजे पैसा आमच्या हाती येण्याचा प्रश्नच राहणार नाही. भारतीय पासपोर्टवाल्या सभासदांची यादी तेवढी पाठवावी.

मुले धावणार नाहीत. कलम केलेल्या, म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागेहून काढून लावलेल्या, कातडीला घाम येत नाही आणि नव्या व्रणाला ऊन सोसत नाही, म्हणून ती शेवटचे अर्धा किलोमीटर आमच्यासोबत चालतील, तेही ऊन चढण्याआधी.

पदके रद्द केली आहेत. टी-शर्टाच्या बाबतीत मात्र आम्ही हट्ट सोडलेला नाही, कारण पाठीवर हा मजकूर छापायचा आहे: ‘भाजल्यास २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ लावू नका.’ माझ्या मुलीला त्या दिवशी शेजारच्या तिघींनी तीन प्रकारचे लेप लावले होते.