मदत हवी आहे: हंगामी वसतिगृहाचे सामाजिक मूल्य रुपयांत कसे मांडावे?

पाटीपेन्सिल:
आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. पुढील निधी मंजूर करण्यापूर्वी देणगीदार कंपनीने 'खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे किती रुपयांचे सामाजिक मूल्य निर्माण झाले' याचा एकच आकडा महिनाअखेरपर्यंत मागितला आहे. हजेरी, शिधा आणि मानधन यांच्या नोंदी आमच्याकडे आहेत. त्यांवरून हा आकडा काढण्याचे सूत्र किंवा तयार तक्ता कोणाकडे असल्यास कृपया लवकर द्यावा.

ताळेबंद:
माहिती अपुरी आहे. मुले किती आहेत? इमारत कोणाची आहे? शासकीय अनुदान मिळते का? आणि मुख्य म्हणजे, वसतिगृह नसते तर ही मुले कुठे असती?

गोदाकाठ:
यासाठी 'सामाजिक परतावा', म्हणजेच एसआरओआय, ही पद्धत उपलब्ध आहे. ती 1990च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आकाराला आली आणि ब्रिटनमध्ये 2009 साली तिची सविस्तर मार्गदर्शिका निघाली. शाळा पूर्ण केलेल्या मुलाची आयुष्यभरातील वाढीव मजुरी आजच्या किमतीत आणून तिला खर्चाने भागावे. मी दोन संस्थांना असे करून दिले आहे.

माळरान:
गोदाकाठ यांच्याशी मी असहमत आहे. दहा वर्षांच्या मुलाची तिसाव्या वर्षीची मजुरी गृहीत धरली की हवा तो आकडा काढता येतो. परिणाम तुलनेतूनच सिद्ध होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला, तेव्हा 39 गावांत सेवा दिली आणि 47 गावांशी तुलना केली. म्हणूनच नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा 1999 सालचा निष्कर्ष जगाने मान्य केला.

गोदाकाठ:
तशा अभ्यासाला अनेक वर्षे लागतात. इथे मुदत महिनाअखेरीची आहे.

नोंदवही:
संस्थेने सीएसआर-1, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी घेण्यासाठीचा नोंदणी अर्ज, भरला आहे ना? एप्रिल 2021पासून त्याशिवाय हा निधी घेता येत नाही.

पाटीपेन्सिल:
नोंदणी पूर्ण आहे आणि तो माझा प्रश्न नव्हता. इमारत शाळेचीच आहे. अनुदान मिळते, पण उशिरा. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. काही मुले आजी-आजोबांकडे राहतात, बाकीची आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात. मोठ्या मुली कोपीवर, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्या भावंडांना सांभाळतात, आणि त्यांतील पुष्कळ मुली पुन्हा शाळेत येत नाहीत.

ताळेबंद:
हे आधी सांगायला हवे होते, कारण सगळे उत्तर यातच आहे. समजा, वसतिगृहात 60 मुले आहेत आणि खर्च 9 लाख रुपये आहे. वरवर पाहता दर मुलामागे 15,000 रुपये पडतात. परंतु त्यांतील 20 मुले आजीकडे राहून शाळेत गेलीच असती, तर वसतिगृहामुळे शाळेत टिकलेली मुले 40, आणि खरा खर्च दर मुलामागे 22,500 रुपये. खर्चात अनुदान, शाळेच्या खोल्यांचे अंदाजी भाडे आणि स्वयंसेवकांचा वेळही धरावा, अन्यथा कार्यक्रम आहे त्यापेक्षा स्वस्त भासेल. तुलनेसाठी दूरचे गाव नको. वसतिगृह सुरू होण्यापूर्वीच्या दोन हंगामांचे शाळेचे हजेरीपट काढा आणि स्थलांतरित कुटुंबांतील किती मुले गाळप संपल्यावर वर्गात परतली, ते मोजा.

माळरान:
हजेरीपटावर नाव असते, मूल नसते. शाळा पटसंख्या टिकवण्यासाठी गेलेल्या मुलांचीही हजेरी लावतात. त्याऐवजी वार्षिक परीक्षेला बसलेली मुले मोजावीत.

ताळेबंद:
सूचना मान्य आहे, परीक्षेचीच नोंद घ्यावी. आता कंपनीच्या मागणीविषयी. 2021च्या नियमांनुसार, ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व मागील तीन आर्थिक वर्षांत सरासरी 10 कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिने 1 कोटी किंवा अधिक खर्चाच्या आणि पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचे असते. रुपयामागे रुपया असा आकडा द्या, असे नियमांत कुठेही म्हटलेले नाही.

गोदाकाठ:
नियमात नसले तरी पैसे देणाऱ्याला आकडा हवा आहे. तो न दिल्यास निधी दुसरीकडे जाईल आणि ती मुले पुन्हा फडात दिसतील. मजुरीचा अंदाज द्यावा, मात्र तो एकच न देता कमी आणि जास्त अशा दोन गृहीतकांवर द्यावा आणि गृहीतके शेजारीच लिहावीत.

पाटीपेन्सिल:
तेराव्या वर्षी लग्न न होता आठवीत बसलेल्या मुलीची किंमत मजुरीच्या हिशेबात कुठे धरायची?

ताळेबंद:
तिची किंमत धरू नये, संख्या द्यावी. अहवालाच्या पहिल्याच पानावर, रुपयांच्या आकड्याच्या वर, अशा मुली किती ते लिहावे. परीक्षेच्या नोंदी हाती आल्या की इथे टाका, तक्ता मी मांडून देतो.