सॅस ठेवू, की पोस्टसीएसएस, की साधं सीएसएस?

रावेरकर: एका केळी व्यापाऱ्याची साइट गळ्यात पडलीय. रोजचा भाव, गाडी कधी भरणार, एवढंच. पानाचं रंगरूप ठरवणारं सीएसएस मी सॅस या बोलीत लिहून त्यातून बनवतो. जुनं काम ते रूपांतर करणाऱ्या नोड-सॅसवर, खाली बूटस्ट्रॅप ४ हा तयार डिझाइनचा संच. नोडची, म्हणजे हे ज्यावर चालतं त्याची, आवृत्ती बदलली आणि इन्स्टॉललाच लाल अक्षरांचा पाऊस. काय घ्यावं? सॅसवर माझा हात बसलाय.

धुळेकर: मग सोडता कशाला? नोड-सॅस ज्या लिबसॅस इंजिनवर चालायचं, ते २०२० मध्येच मोडीत काढलं. ते पॅकेज काढा, नुसतं ‘सॅस’ नावाचं टाका, म्हणजे डार्ट सॅस. इन्स्टॉल करताना सी प्लस प्लसची बांधाबांध नाही. दुसरी फाइल आत घेणाऱ्या @इम्पोर्टवर इशारे येतील, तिथे हळूहळू @यूज करा.

अमळनेरची: चार पानांना सॅस? व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेले रंग-आकडे, आता सीएसएसमध्येच आहेत आणि ते ब्राउजरमध्ये जिवंत राहतात. सॅसचा $पिवळा कंपाइल झाला की संपला. भर उन्हात बागेत भाव बघणाऱ्याला एका बटणावर पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं द्यायचीत, ते सॅस एकट्याने कसं करणार? नेस्टिंगही, म्हणजे नियमाच्या आत नियम लिहिणं, २०२३ मध्ये क्रोम, सफारी, फायरफॉक्समध्ये आलं.

धुळेकर: आलं ना, पण माझ्या काकांच्या फोनात नाही आलं भो! क्रोम ११२ च्या आधी नेस्टिंग कळतच नाही. त्यांच्या फोनावर मी असंच एक पान उघडलं होतं. आतले नियम गळाले, तक्त्याच्या रेघा गेल्या, कुठला भाव कुठल्या मालाचा तेच कळेना. सॅस हे सगळं आधीच सपाट करून देतं.

अमळनेरची: ते पोस्टसीएसएसही करतं, म्हणजे सीएसएसवर प्लगइन चालवून ते बदलून देणारं साधन. ब्राउजरलिस्टमध्ये, म्हणजे कुठले ब्राउजर सांभाळायचे त्या यादीत, काकांचं क्रोम लिहा, नेस्टिंगचं प्लगइन लावा. जुने फोन गेले की प्लगइन काढा, लिहिलेलं तसंच चालतं. सॅसमधलं &__भाव, म्हणजे बाहेरच्या क्लासच्या नावाला शेपूट जोडणं, मात्र साध्या सीएसएसमध्ये चालत नाही. तिथे अडकता तुम्ही.

धुळेकर: आज एक प्लगइन, दिवाळीपर्यंत चौदा. कॉन्फिगचं पार भरीत होतं. शिवाय बूटस्ट्रॅप ४ सॅसमध्येच लिहिलंय. त्याचे रंग मुळातून बदलायचे तर काय करणार?

रावेरकर: बूटस्ट्रॅपचं पटलं. डार्ट सॅस टाकतो, पण भावाच्या तक्त्याचे रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये. ते क्रोम ४९ पासून चालतात, म्हणजे काकांकडेही चालतील. व्यापाऱ्याला हे सगळं सांगायला गेलो, तर म्हणे, “भाव मोठा दिसू द्या फक्त.”

अमळनेरची: ठीक. पण &__ लिहू नका, पूर्ण क्लास लिहा. उद्या ही साइट माझ्याच गळ्यात पडायची.

धुळेकर: आणि काकांचा फोन तपासायला हवा असेल तर धुळ्याला या. ते हातातून सोडत नाहीत.